चिंचोके

सायनला, दुपारच्या खेळाला,
आम्ही पाच जण, मंडळातले उरलेले.
चार गुडघे बदललेले, एक पेसमेकर,
आणि तळपदे, ज्याचं काय बदललंय
ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पडद्यावर हेर चढत होता.
तेवीस हजार फुटांवर ओठ न फुटलेला, गॉगल कपाळावर,
दाढी सकाळीच केल्यासारखी.
बर्फ मिठाचा होता. डिमेलो वसईचा, मिठागराकाठी वाढलेला,
पहिल्याच दृश्यात म्हणाला, "हे जाडं मीठ, आमच्याकडचं."
कोरगावकरबाईंना दोराची गाठ खुपत राहिली:
"अरे, असल्या गाठीवर मी टॉवेलसुद्धा वाळत घालणार नाही!"
मागच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं.
हेरानं कॅराबिनर उलटा लावला, तरी वाचला.
त्याला वाचणं भागच होतं,
मध्यंतर व्हायचं होतं.

मध्यंतरात समोसे. एसीनं सांधे धरलेले.
शंखपाळनं हिशेब मांडला:
फितूर तो डॉक्टर, कारण तोच एकटा सगळ्यांशी गोड बोलतो.
डिमेलोनं पन्नास रुपये लावले स्वयंपाक्यावर.
तळपदे पैजेत पडला नाही.
त्यानं समोशातली मिरची काढून
कागदाच्या कोपऱ्यात नीट ठेवली.

उत्तरार्धात हेर एका खिंडीतून चालत गेला,
पावलं मोजत.
पलीकडच्या पुलापर्यंत किती, ते त्याला
कुणाला तरी कळवायचं होतं.
पार्श्वसंगीत थांबलं. नुसतं करकर मीठ.
आणि मला एकदम
अठ्ठ्याहत्तर सालची स्पितीची मोहीम आठवली.

तळपदे दोरावर कायम शेवटचा.
"मी जरा हळू आहे," म्हणायचा,
पण त्याला धाप लागलेली कुणी पाहिली नाही.
डाव्या खिशात चिंचोके. चालता चालता
बऱ्याच वेळानं एखादा उजव्या खिशात जायचा.
आम्ही चिडवायचो: काय रे, ठाकुरद्वारच्या कुणाशी
सारीपाट मांडायचाय का परत गेल्यावर?
तळावर चहाला आधण आलं
की त्यात थर्मामीटर बुडवायचा.
"ताप बघतोय," म्हणायचा, "चहाचा."
आम्ही हसता हसता एकदा तंबूची काठी पाडली.
आकडा तो वहीत लिहायचा,
चहात साखर घालायच्या आधी.

पोर्ट ट्रस्टात तीस वर्षं कारकुनी केली त्यानं.
त्याला टेबलापाशी बसलेला पाहणारा माणूस
मला अजून भेटायचाय.

फितूर डॉक्टरच निघाला. दोर कापला गेला,
शंखपाळनं पन्नासची नोट उजेडात धरून तपासली,
आणि बाहेर पायऱ्यांच्या कठड्याला धरून
आम्ही चित्रपट सोलून काढला:
गाठ, गॉगल, मीठ,
निळ्या बर्फावर बुटाला क्रॅम्पॉन नाहीत, सांगताय काय!

"तुला काय खटकलं रे?" मी तळपदेला विचारलं.
त्यानं चष्मा पुसला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे,
रस्ता ओलांडताना आपण सगळेच पाहतो तसं.
"मोजताना ओठ हलवतो तो," म्हणाला.
"ओठ हलवायचे नसतात."

शंखपाळ रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता,
कोरगावकरबाई पर्समध्ये गोळी शोधत होत्या.
ऐकलं फक्त मी.

मग आम्ही दोघं सर्कलच्या स्टॉपकडे निघालो.
फुटपाथ खणलेला, मधे उसाच्या रसाची गाडी,
एका पोरानं विचारलं, "काका, टाइम काय झाला?"
तळपदेनं नुसतं मनगट पुढे केलं.
त्याचा डावा हात खिशात होता.
ओठ मिटलेले.

विचारायचं खूप होतं.
पण स्टॉप येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही,
त्याची मोजणी चुकू नये म्हणून.